लोखंडी कूलरचा कारखाना, दोन भाऊ आणि १४४ पानांची चित्रकादंबरी: तपशील तपासून हवेत

वऱ्हाडी पेन्सिल

चित्रकादंबरीचा कच्चा आराखडा तयार आहे. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं एक तालुक्याचं गाव, तिथं १९८४ साली वडिलांनी काढलेला लोखंडी कूलरचा कारखाना, आणि त्यांच्यानंतर तो चालवणारे दोन भाऊ. थोरला दुकान आणि वह्या सांभाळतो, धाकटा मागच्या शेडमध्ये पत्रा कापतो. गोष्ट २०१८ पर्यंत येते. तोवर कारखाना बंद पडलेला असतो आणि भाऊ एकाच घरात राहून बोलेनासे झालेले असतात. पानं १४४, काळा आणि जोडीला एक रंग. दुसरा रंग निळा धरला आहे, थंडाव्याचा म्हणून.

पहिली चाळीस पानं पेन्सिलीत टाकली आहेत. ज्यांनी पाहिली त्या सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की धंदा बुडतोय असं पात्रं सांगतात, पण डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून हा धागा. कूलर कसा बनतो, कुठं बिघडतो, धंदा कागदावर कसा बुडतो, आणि हे सगळं चौकटीत कसं बसवायचं, याबद्दल जाणकारांनी नेमकं सांगावं. कथेचं बरंवाईट नंतर बोलू.

पत्राकातर

पान ११ वर धाकटा कूलरची आख्खी बॉडी वेल्डिंगच्या ठिणग्यांत जोडताना दाखवलाय. तसं होत नाही. इतक्या पातळ पत्र्याला आर्क वेल्डिंग लावलं तर भोक पडतं. बॉडी स्पॉट वेल्डिंगने नाहीतर रिवेटने जोडतात. ठिणग्या उडतात त्या स्टँडच्या अँगलला.

क्रम असा. आधी लोखंडी फर्मा ठेवून पत्र्यावर खुणा, मग कातरमशीनवर कापणं, मग कोपऱ्यांना खाचा, मग बेंडिंग मशीनवर काठ वळवणं. हवा आत यायला पडणाऱ्या तिरप्या झडपा पॉवर प्रेसवर डायने, म्हणजे लोखंडी साच्याने पडतात, हाताने नाही. टाकी वेगळी बनते आणि तिच्यावर चार उभ्या पट्ट्यांचा सांगाडा बसतो. मागची आणि दोन्ही बाजूंची अशा तीन ताट्या, म्हणजे आत गवत भरलेल्या झडपांच्या चौकटी, काढघाल करता येतील अशा असतात. समोर पंखा आणि जाळी. टाकीच्या सांध्यांत सील भरून आतून डांबरी रंगाचा हात देतात. टाकीत पाणी भरून रात्रभर ठेवतात आणि सकाळी खालचा जमिनीचा डाग पाहतात. ही शेवटची गोष्ट चित्रात फार उपयोगी आहे. शेडच्या फरशीवर ओळीने टाक्या, आणि कोणत्या टाकीखाली ओल आहे ते वाकून पाहणारा माणूस. धाकटा कसा आहे हे त्या एका चौकटीत कळतं.

मापं. १८ इंची पंख्याचा कूलर साधारण २ बाय २ फूट आणि उंची ३ फूट. टाकी आतून ८ इंच खोल. ६ इंच पाणी भरलं तर ५६ लिटर बसतं. मे महिन्यात दुपारी तासाला १० ते २० लिटर पाणी उडतं, म्हणजे तीन ते पाच तासांत टाकी तळाला. त्यामुळे घरातल्या दृश्यात कोणीतरी बादलीने टाकी भरताना हवंच. तुमच्या चाळीस पानांत कूलर सतत चालू आहे आणि पाणी कोणीच भरत नाही.

पत्रा. ८ बाय ४ फुटांचा एक पत्रा एका कूलरला जवळजवळ पूर्ण लागतो, वर थोडा तुकडा. २४ गेज म्हणजे जाडी साधारण ०.५६ मिमी आणि पत्र्याचं वजन १३ किलोच्या आसपास. २६ गेज म्हणजे ०.४६ मिमी, साडेदहा-अकरा किलो. पत्रा किलोवर विकत मिळतो, म्हणून गेज उतरवला की एका कूलरमागे सव्वादोन-अडीच किलोचे पैसे वाचतात. धंदा घसरायला लागला की पहिली काटछाट इथं होते. ती चित्रात अशी दिसते: २४ गेजच्या कूलरवर हात ठेवून माणूस उभा राहू शकतो, २६ च्या वरच्या पत्र्याला मधोमध पोक येतो. पंखा चालू झाला की ताट्या थडथडतात. जुन्या कूलरच्या कडा सरळ काढा, नंतरच्यांच्या किंचित लवलेल्या. कोणाला सांगायची गरज पडणार नाही.

वऱ्हाडी पेन्सिल

हे फारच कामाचं आहे. गंज कुठून चढतो? सध्या वरून खाली उतरलेला दाखवलाय, भिंतीच्या ओलीसारखा.

पत्राकातर

उलटं आहे. गंज तीन जागी धरतो. पाण्याची रेष जिथं रोज वरखाली होते तिथं, म्हणजे तळापासून सहा इंचांवर आडवा पट्टा. तळाचे चार कोपरे, कारण गाळ तिथं बसतो आणि त्याखाली पाणी अडून राहतं. आणि स्पॉट वेल्डिंगचे ठिपके, कारण तिथला जस्ताचा थर जळालेला असतो. वरची टोपी शेवटपर्यंत धड राहते.

आणि तुमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात आहे, म्हणजे खारपाणपट्टा. दर्यापूर, तेल्हारा भागातलं विहिरी-बोअरचं पाणी टाकीत ओतलं की टाकी यवतमाळच्या मानाने लवकर जाते. ताट्यांवर पांढरे क्षार चढतात, वरच्या नळीची भोकं बुजतात, मग ताटीचे काही पट्टे ओले आणि काही कोरडे राहतात. कोरड्या पट्ट्यातून गरम हवा थेट आत येते. गिऱ्हाईक म्हणतं कूलर खराब दिला. दोष पाण्याचा, बोल दुकानदाराला. धाकट्याने भोकं टाचणीने मोकळी करताना दाखवा.

हंगाम संपल्यावर टाकी कोरडी करून उलटी न ठेवणं हे टाकी सडण्याचं सगळ्यात मोठं कारण. पान ३३ वर गच्चीवर कूलर तसाच उभा आहे. मुद्दाम असेल तर उत्तम, पुढं तोच फुटलेला दाखवा.

रोजकीर्द

धंदा कागदावर कसा बुडतो ते सांगतो. तुमच्या कथेत एसी आले आणि धंदा बसला असं आहे. तालुक्याच्या गावात इतकं सरळ होत नाही. आधी पैशाचं चक्र तुटतं.

पत्रा, मोटरी, पंप यांची खरेदी डिसेंबर-जानेवारीत. विक्री मार्च ते मे. पण खेड्यातलं गिऱ्हाईक कूलर एप्रिलमध्ये नेतं आणि पैसे कापूस-सोयाबीन विकल्यावर देतं, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. बँकेचं व्याज मात्र दर महिन्याला लागतं. जानेवारीत घातलेला रुपया नोव्हेंबरात परत येतो, आणि पीक गेलं तर येतच नाही. एप्रिल-मेमध्ये वादळी पाऊस, गारपीट झाली की ऐन हंगामाचे आठवडे वाया जातात, तो माल पुढल्या वर्षावर पडतो. चार लाखांचा माल पडून राहिला आणि व्याज १२ टक्के असेल, तर नऊ महिन्यांचे ३६,००० रुपये नुसते ठेवण्याचे.

आता थोरल्याची वही. अशा धंद्याला बँकेचं कॅश क्रेडिट असतं, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज. मर्यादा दहा लाखांची असली तरी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, द्यावं लागतं आणि उचल त्यावर ठरते. समजा गोदामात १२ लाखांचा माल, त्यातला ३ लाखांचा पत्रा व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेला. तो वजा. राहिले ९ लाख. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा वाटा, काढलं की ६ लाख ७५ हजार उचलता येतात. गिऱ्हाइकांची उधारीही धरतात, पण ती साधारण ९० दिवसांच्या आतली. दिवाळीवर सोडलेली उधारी ऑगस्टपासून हिशेबातून गळते.

इथं थोरला पहिल्यांदा खोटं लिहितो. मागच्या वर्षीचे गंजलेले कूलर नव्याच्या भावाने धरतो. यात पैसे खिशात घालण्याचा हेतू नसतो, उचल कमी होऊ नये एवढंच असतं. पुढच्या महिन्यात तोच आकडा पुढं न्यावा लागतो. मग बँकेचा माणूस माल पाहायला येतो तेव्हा गंजलेले कूलर मागच्या रांगेत आणि नवे पुढं लावायचं काम धाकट्याला सांगितलं जातं. धाकट्याला का ते सांगितलेलं नसतं. भावांमधली दरी दाखवायला तुम्ही पान २६-२७ वर दोन पानी भांडण घातलंय. त्याऐवजी हे कूलर हलवणं घ्या.

अजून दोन गोष्टी. एक, भागीदारी फर्म नोंदलेली नसेल तर १९३२ च्या कायद्याच्या कलम ६९ मुळे फर्मला बाहेरच्याकडून करारातली येणी दावा लावून वसूल करता येत नाहीत. वडिलांनी नोंदणी केलेली नसेल, तर ती सगळी उधारी फक्त तोंडावर उभी आहे. दोन, फर्ममध्ये वडील आणि थोरला असे दोघंच भागीदार असतील तर वडील गेले त्या दिवशी फर्म संपली. पाटी तीच राहते, पण कागद नवे करावे लागतात. त्या वेळी बँक धाकट्याची जामीनदार म्हणून सही घेते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ती सही मोठ्या चौकटीत घ्या, पुढं लागणार आहे.

रानभर

रोजकीर्द यांच्याशी सहमत, पण एक धागा सुटतोय. कूलर विकण्याच्या पैशाइतकाच दरवर्षी ताट्या भरून देण्याचा पैसा होता. लाकूड किसून काढलेल्या धाग्यांचं गवत एका हंगामात खाली बसतं, वर दोन-तीन बोटं फट पडते, तिथून गरम हवा येते. म्हणून दर फेब्रुवारीत प्रत्येक जुनं गिऱ्हाईक ताट्या भरायला परत यायचं. जुनी उधारी त्याच वेळी निघायची. कंपन्यांचे प्लॅस्टिकचे कूलर आले, त्यांत मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदी पॅडं आली, ती नीट वापरली तर तीन-चार हंगाम जातात. टाकी गंजत नाही, बॉडीचा शॉक बसत नाही. गिऱ्हाईक परत येण्याचं कारणच संपलं. तालुक्याच्या कारखान्याला मोठा फटका या पॅडांचा आहे, एसीचा नंतर.

उन्हाळी बाई

एसीबद्दल शास्त्राच्या बाजूने. मे महिन्यात अकोल्याकडे ४५ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे नुसतं पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते, २४ अंशांच्या जवळ येतं. कूलरची ताटी मधलं अंतर ७०-७५ टक्के कापते, म्हणजे २९-३० अंशांची हवा मिळते. पंधरा अंशांचा फरक, तोही दोन-अडीचशे वॉटमध्ये. म्हणून कोरड्या विदर्भात कूलर टिकला. पण जूनच्या मध्यावर पाऊस आला, ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता झाली, की तोच कूलर दोन-अडीच अंशांच्या पुढं काही करू शकत नाही आणि खोली चिकट होते. म्हणजे कूलरची विक्री हळूहळू मंदावत नाही, एका पावसात थांबते. पान ३८ वर तुम्ही जुलैमध्ये कूलर विकत घेणारं गिऱ्हाईक दाखवलंय. काढा ते.

खिडकीचाही मुद्दा आहे. कूलर खिडकीबाहेर असतो आणि समोरची दुसरी खिडकी किंवा दार उघडं लागतं, नाहीतर दमट हवा कोंडते. तुमच्या सगळ्या दुपारच्या दृश्यांत दारं बंद आहेत. दार उघडं ठेवलं तर तुम्हाला अंगणही काढता येईल आणि दारातून कोण येतं-जातं तेही.

चौकटबंद

आता पानांकडे येतो. वर आलेल्या माहितीतून पुस्तकाची रचना आपोआप मिळते: वर्षाचं चक्र. जानेवारीत शेड कोऱ्या पत्र्यांनी भरलेली, मार्चमध्ये कूलरच्या रांगा, मेमध्ये अर्धी रिकामी, जूनमध्ये पाऊस आणि उरलेला माल. हीच शेड त्याच कोनातून, त्याच उंचीवरून, पूर्ण पानभर, पुस्तकात सात-आठ वेळा काढा. १९८८, १९९४, २००१, २००६ असं. पहिल्यांदा परिप्रेक्ष्य पट्टीने नीट आखून त्याचा एक मूळ कागद ठेवा आणि लाइटबॉक्सवर तोच पुन्हा वापरा. प्रत्येक वेळी जूनमधल्या उरलेल्या कूलरची संख्या बदला: चार, नऊ, वीस, सत्तर. वाचक मोजत नाही, पण त्याला ते जाणवतं.

पानाला सहा चौकटींची जाळी ठेवा, दोन आडव्या, तीन उभ्या. ती मोडायची असेल तेव्हा चौकटी एकत्र करा, तिरप्या कापू नका. तुमच्या पान १४ वर सात तिरप्या चौकटी आहेत आणि त्यात फक्त पत्रा मोजणं चाललंय. कामाच्या दृश्याला स्थिर जाळी लागते. हात, कातर, पत्रा, हात. कामाचा क्रम बरोबर असला की वाचक हाताच्या मागं जातो.

उलटण्याचं भान ठेवा. विषम क्रमांकाचं पान उजवीकडे येतं. वाचकाला धक्का द्यायचा असेल ते सम पानावर, म्हणजे पान उलटल्यावर डावीकडे. बँकेची नोटीस पान १२१ वर ठेवली तर १२० वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यात ती दिसते. १२२ वर न्या.

भाऊ ओळखू येत नाहीत. एकाला मिशी आणि एकाला नाही एवढ्यावर लहान चौकटीत भागत नाही. पाठमोरे, काळ्या सावलीत, नखाएवढे काढून पाहा. तरीही कोण कोणता ते कळलं पाहिजे. थोरला बसून काम करणारा, खांदे पुढं आलेले, खिशात दोन पेनं. धाकट्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, कातरमशीनचा दांडा ओढून.

आवाजासाठी एक सुचवतो. कूलरची घरघर प्रत्येक चौकटीत वेगळी लिहू नका. पानाच्या वरच्या कडेला एक अखंड पट्टी चालवा, अक्षरांची, सगळ्या चौकटींवरून जाणारी. लोडशेडिंग सुरू झालं की पट्टी मधेच तुटते आणि पुढच्या चौकटी वरून कोऱ्या. तिथं भाऊ काही न बोलता बसलेले असतील तर ती शांतता दिसते.

निळ्या रंगाबद्दल: नको. थंडाव्याला निळा हे कोणीही करेल. गंजाचा तांबडा घ्या. रेड ऑक्साइडचा रंगही तोच असतो ना? नव्या कूलरला प्रायमर, जुन्याला गंज, दोन्ही एकाच रंगात.

पत्राकातर

कल्पना चांगली आहे, पण एक दुरुस्ती. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्त चढवलेल्या जीआय पत्र्यावर रेड ऑक्साइड मारत नाहीत, ते धरत नाही, पापुद्र्याने सुटतं. चांगल्या कारखान्यात जीआयला वेगळा प्रायमर लागतो. रेड ऑक्साइड येतं ते स्टँडच्या अँगलला, कारण ते साधं लोखंड. बॉडीला रेड ऑक्साइड तेव्हाच दिसेल जेव्हा कारखाना जीआय सोडून सीआर म्हणजे जस्त नसलेल्या साध्या पत्र्यावर येईल. तो स्वस्त पडतो, रंगाखाली फरक दिसत नाही, आणि खाऱ्या पाण्यात दोन-तीन हंगामांत टाकी जाते.

चौकटबंद

मग तर याहून चांगलं काही नाही. पहिल्या भागात तांबडा रंग फक्त स्टँडच्या पायांना. मग ज्या वर्षी थोरला हा साधा पत्रा आणतो त्या पानावर तो एकदम शेडभर पसरतो, नव्याकोऱ्या, रांगेने उभ्या कूलरांवर. दिसायला ते पान सगळ्यात रंगीत, आणि कारखाना तिथंच संपलेला. दोन वर्षांनी तोच रंग टाक्यांच्या तळाशी. धाकट्याला हे कळतं, कारण हाताला जस्ताची चकाकी लागत नाही. त्याने पत्र्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोलला नाही, एवढी एकच चौकट द्या.

वऱ्हाडी पेन्सिल

निळा रद्द. साधा पत्रा येतो ते वर्ष १९९९ धरतो. संवादांबद्दलही सांगा. सगळं वऱ्हाडीत ठेवलं तर पुण्या-मुंबईकडे वाचतील का?

माय बोली अकोट

वाचतील. वऱ्हाडी कळत नाही अशी नाही, फक्त लिहिण्यात एकसारखेपणा हवा. तुमच्या पानांत एका फुग्यात "मला" आणि पुढच्यात "मले" आहे. नियम ठरवा: मले, तुले, त्याले, ण चा न, ळ चा य, म्हणजे काया, डोया, केयी. "काहून", "औंदा", "पायजे", "जाऊन रायला". जोडाक्षरं फार मोडू नका, वाचणारा अडखळतो. धाकटा सगळीकडे वऱ्हाडीच बोलेल: "दादा, औंदा पत्रा सव्वीसचा आनला काय?" थोरला बँकेत आणि नागपूरच्या व्यापाऱ्यापुढं पुस्तकी मराठी, घरी वऱ्हाडी. शेवटच्या भागात थोरला धाकट्याशीही पुस्तकी बोलायला लागतो. तो बदल कोणत्याच पात्राने बोलून दाखवू नये.

अमरावती-अकोल्याची बोली आणि भंडारा-गोंदियाची झाडीबोली एक करू नका. पान १९ वरचा मजूर तिकडचा असेल तर ठरवून तसा लिहा.

अक्षरजुळारी

फुग्यांबद्दल. देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा लागते, वर रफार-मात्रा-अनुस्वार, खाली उकार. छापील पानावर अक्षर १० पॉइंट असेल तर ओळींचं अंतर १४ ठेवा. तुमच्या फुग्यांत ते ११ आहे, पान ८ वर "दुर्लक्ष"चा रफार वरच्या ओळीच्या उकारात घुसलाय. एका फुग्यात २० शब्दांच्या वर नको. आधी अक्षरं बसवा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. चित्र पूर्ण करून उरलेल्या जागेत मजकूर कोंबला की असंच होतं.

इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटर वापरत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. इंकस्केप आणि क्रिटामध्ये युनिकोड सरळ चालतं. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये टाइप करू नका, पुढं मजकूर शोधता किंवा बदलता येत नाही. हाताने लिहीत असाल तर शिरोरेषा पट्टीने मारू नका, शब्दागणिक हाताने ओढा. पण खालची मार्गदर्शक रेष प्रत्येक फुग्यात एकाच अंतराने हवी.

नऊ फर्मे

छपाईचं थोडक्यात. २० बाय ३० इंची कागदाच्या एका तावातून १६ पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच, निघतो, छाटून पान सव्वासात बाय साडेनऊ इंच. १४४ पानं म्हणजे बरोबर ९ फर्मे, हा आकडा बदलू नका. १४६ केलीत तर दोन पानांसाठी वेगळी छपाई. ५०० प्रतींना ४,५०० ताव म्हणजे ९ रीम, वाया जाणाऱ्यासाठी एक रीम वर धरा. कागद १०० जीएसएम मॅपलिथो घ्या. ७० वर तुमच्या काळ्या सावल्या मागच्या पानावर दिसतील. या कागदात पुस्तक आतून ३२० ग्रॅमच्या आसपास भरेल.

दोन रंग म्हणजे प्रत्येक बाजूला दोन प्लेटा. मशीनवर अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच, म्हणून तांबडा रंग काळ्या रेषेच्या आतपर्यंत अचूक भरू नका, रेषेखाली जाऊ द्या आणि काळा ओव्हरप्रिंट करा, म्हणजे तांबड्यावरूनच छापा. काळ्या रेषा १,२०० डीपीआयच्या बिटमॅपमध्ये स्कॅन करा, फाइल टिफ. जेपीईजीमध्ये रेषेच्या कडेला धूळ येते. साध्या कागदावर ठिपका पसरतो, ७० टक्क्यांचा करडा जवळजवळ काळा छापतो, तेव्हा करड्याची हद्द ५०-६० वर थांबवा. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला ३ मिमी बाहेर वाढवा. बांधणी शिवणीची. नुसत्या गोंदाच्या बांधणीत जोडपानाचं चित्र मध्ये गिळलं जातं.

काळवेळ

काही सालवार चुका. १९८७ च्या दृश्यात मागं शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी डिझेल इंजिनाने धावतेय. मूर्तिजापूर-अचलपूर या अडीच फुटी रुळावर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. डिझेल त्यानंतर. पान ३१ वर २००१ सालच्या वीजबिलावर "महावितरण" आहे. मंडळाची फोड २००५ मध्ये झाली, तोवर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. २०१६ च्या बिलबुकावर जीएसटी क्रमांक नको, तो १ जुलै २०१७ नंतर.

रानभर

शॉकच्या प्रसंगाबद्दल, पान ३६. मुलगी कूलरच्या जाळीला हात लावते आणि तिला शॉक बसतो. लोखंडी बॉडी, पाणी, ओलं अंगण, सगळं बरोबर. पण कारण दिसलं पाहिजे. पंपाची वायर टाकीच्या कडेवर घासून सोलली जाते, वायर दोनपदरी असते, तिसरी अर्थिंगची नसते, पिन दोनचीच. मोटर चालूच राहते, म्हणून कूलर ठीक आहे असं वाटतं. शॉक बसलेल्याला ओढायला धावू नये, आधी वीज तोडायची. तुमच्या चौकटीत आजी तिला धरते, म्हणजे आजीलाही बसेल. एकतर मेन स्विचकडे धावणारा धाकटा दाखवा, नाहीतर परिणाम पूर्ण दाखवा. अर्धवट नको.

हा कूलर त्यांच्याच कारखान्याचा असेल, तर तीनपदरी वायर कोणत्या वर्षी बंद झाली तेही आधीच्या पानांत येऊ द्या. गेज उतरवल्यानंतरची काटछाट तीच असते.

वऱ्हाडी पेन्सिल

शेवटचे दोन भाग अजून कागदावर नाहीत. जप्ती कशी होते? पोलीस, हातगाडीवर सामान, असं डोक्यात आहे.

रोजकीर्द

तसं एकदम होत नाही, आणि त्यातली संथगती हीच तुमच्या कामाची आहे. खातं ९० दिवस अनियमित राहिलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवसांची मुदत. ती कर्जदाराला येते आणि जामीनदारालाही. म्हणजे धाकट्याच्या नावाने वेगळं पाकीट येतं. त्याला सगळं तेव्हा कळतं. मुदत संपली की कलम १३(४) खाली आधी प्रतीकात्मक ताबा: दारावर नोटीस चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्या दिवशी घरातून कोणालाच काढत नाहीत. गावात पेपर वाचला जातो तो त्या दिवशी. प्रत्यक्ष ताबा नंतर, गरज पडली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. पोलीस दाखवायचे असतील तर तिथं.

या कायद्यात शेतजमीन तारण असली तरी तिच्यावर जप्ती येत नाही. दुकान, शेडचा प्लॉट, गहाण घर यांवर येते. भावांकडे चार एकर असेल तर या कारवाईत ती उरते. दोघं ज्या गोष्टीपासून दूर गेले होते तीच हातात राहते. तुम्हाला शेवट शोधायचा असेल तर तिथं आहे.

पत्राकातर

आणि शेडमधलं काय कसं जातं ते: मोटरी, पंप वेगळे, तांब्याच्या वाइंडिंगला भाव, ॲल्युमिनियमच्या वाइंडिंगला फारसा नाही. गंजलेल्या बॉड्या ठेचून, दाबून, वजनावर. प्रेस दुसरा फॅब्रिकेशनवाला नेतो, त्याला कायम मागणी असते. डाय मात्र कोणी घेत नाही, कारण झडपांची ती नक्षी त्या एका कारखान्याची असते. ती निव्वळ लोखंडाच्या भावात जाते. डाय हाताने उचलता येण्यासारखी नसते, ती दोघांनी मिळूनच काट्यावर ठेवावी लागते.

वऱ्हाडी पेन्सिल

पानं १४, २६-२७, ३३, ३६ आणि ३८ नव्याने काढतो. शेडचा मूळ कागद आधी आखून इथं टाकतो. पत्राकातर, त्यावर कातरमशीन आणि बेंडिंग मशीनमधलं अंतर तेवढं पाहून सांगा. आठ फुटी पत्रा फिरवायला किती मोकळी जागा लागते याचा अंदाज नाही.

पत्राकातर

दोन्हीच्या मध्ये दहा फूट मोकळे ठेवा, आणि कातरमशीन दाराच्या बाजूला. पत्रा गाडीतून उतरतो तो सरळ तिथंच आला पाहिजे.